एक वाजताचे ठोके

हळदीचा हंगाम होता. दुपारी बाळंत झालेल्या एका बाईचा नवरा मोंढ्यातून, म्हणजे हळदीच्या बाजारातून, धावत आला. हमाल माणूस. पोतं खांद्यावरून टाकलं आणि तसाच निघाला. पहिलंच पोरगं. त्यानं लेकराला घेतलं, गाल कुरवाळले, कपाळावरून हात फिरवला, परत आईच्या कुशीत ठेवलं आणि पेढे आणायला गेला. पाच मिनिटांनी मी खोलीत शिरले आणि बघते तर काय, मघाशी गुलाबी असलेलं बाळ पिवळं धमक झालेलं.

नवजात बाळाला कावीळ झाली का, हे बघायची आमची एक साधी रीत आहे. बाळाच्या कातडीवर बोट दाबायचं आणि सोडायचं. दाबलेली जागा क्षणभर पांढरट दिसली तर ठीक, पिवळी दिसली तर कावीळ. मी घाईघाईनं गालावर बोट दाबलं, उचललं, तर गाल गुलाबी आणि माझं बोट पिवळं! मागे उभ्या असलेल्या आमच्या आयाबाई जैतुनआपा खोखो हसायला लागल्या. म्हणाल्या, "सिस्टरबाई, बापानं जन्मतःच हळद लावून टाकली. आता नवरी बघा."

वसमतमध्ये नर्सचं काम केलेल्या बाईलाच असा प्रसंग सांगता येईल. चोवीस वर्षं मी इथल्या एका खासगी प्रसूतिगृहात होते. नाव लिहीत नाही, इथल्या लोकांना विचारायची गरज नाही आणि बाहेरच्यांना कळून उपयोग नाही. परभणीला एएनएमचा कोर्स केला, तेविसाव्या वर्षी इथे रुजू झाले. माझ्या हातांवर जन्मलेली पोरं आता मला बसमध्ये जागा देतात. त्यातला एक जण कंडक्टर आहे. त्याच्या जन्माच्या वेळी त्याचं डोकं लांबुडकं होऊन आलं होतं, तसं पुष्कळांचं येतं, वाट काढताना कवटी दबते आणि दोन-तीन दिवसांत आपोआप गोल होते. पण त्याची आजी रात्रंदिवस ते थापटून गोल करायला बघायची आणि मी तिला ओरडायचे. हे सगळं त्याला घरातून कळलेलं. भर गर्दीत टोपी काढून म्हणतो, "सिस्टर, बघा, बराबर गोल हाय का?"

असे किस्से सांगायला मला आवडतं. दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर मी तेच लिहायला बसले होते. दोन पानं झाली आणि थांबले. कारण एक लेकरू असं आहे की त्याला सोडून बाकीच्यांचं लिहिलं, तर ते दुसऱ्यांदा खोटं लिहिल्यासारखं होईल. पहिल्यांदा खोटं मी लिहिलेलंच आहे.

आधी आमच्या डॉक्टरसाहेबांविषयी सांगते. वाईट माणूस नव्हता. हे मी भीतीनं लिहीत नाही, आता मला त्यांची कसली भीती? अर्धी दाढी केलेली, अर्ध्या गालाला फेस, अशा अवस्थेत वरच्या मजल्यावरून धावत उतरताना मी त्यांना पाहिलं आहे. माझी आई आजारी होती तेव्हा चार महिने रोज घरी येऊन बघून जायचे. मला जे येतं ते त्यांनी शिकवलं. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे ते ओळखायचं, कळ किती जोराची आहे ते ओळखायचं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे ठोके ऐकायचे.

ठोक्यांचं थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. पोटातल्या बाळाचं हृदय मिनिटाला साधारण एकशेवीस ते एकशेसाठ वेळा धडधडतं. आईला कळ आली की गर्भाशय आवळतं, बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं, तेव्हा ठोके थोडे उतरू शकतात. कळ ओसरली की पुन्हा चढतात. कळ म्हणजे पाण्यात बुडी, आणि दोन कळांमधली विश्रांती म्हणजे डोकं वर काढून घेतलेला श्वास. कळ गेल्यावरही ठोके खालीच राहिले तर समजायचं, लेकराला श्वास पुरत नाही. मग घाई करायची. हे सगळं दर अर्ध्या तासानं, कळा वाढल्या की त्याहून लवकर, एका कागदावर टिपायचं. त्याला पार्टोग्राफ म्हणतात. बाळंतपण कसं चाललंय ते त्या एका कागदावर दिसतं. माझं अक्षर चांगलं, म्हणून आमच्याकडचे ते कागद मीच भरायचे आणि साहेब बाहेरच्या डॉक्टरांना ते कौतुकानं दाखवायचे.

त्या लेकराच्या जन्माच्या दिवशी सकाळी नऊला सुनंदा आली. शिरड शहापूरच्या अलीकडे त्यांचं खेडं. पहिलटकरीण, अंगानं बारीक, पण धीराची. बरोबर सासू गिरजाबाई आणि नवरा माधव. कळा पहाटेपासून होत्या, पण जोर नव्हता. मी तपासलं. सगळं ठीक होतं. बाळाचे ठोके एकशेचाळीस.

साहेब दवाखान्यात नव्हते. गावाच्या कडेला त्यांच्या नव्या तीन मजली दवाखान्याचं बांधकाम चाललं होतं आणि त्या दिवशी स्लॅबचं काँक्रीट ओतलं जात होतं. स्लॅब एकदा सुरू झाला की मधे थांबवता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. गाडीनं दहा मिनिटांचा रस्ता.

अकरा वाजता मी फोन केला. साहेब म्हणाले, "कळा वाढवायची ड्रिप लावा. मी येतोच आहे."

हे औषध चांगलं आहे, त्यानं पुष्कळ अडलेल्या बायकांची सुटका होते. पण ते थेंब मोजून द्यावं लागतं. सलाईनच्या नळीवर बोटभर प्लास्टिकचं चाक असतं. ते अंगठ्यानं वर-खाली केलं की थेंब वाढतात, कमी होतात, बंद होतात. औषध जास्त झालं तर एका पाठोपाठ एक कळ येते, मधे विश्रांतीच राहत नाही. म्हणजे बुडीवर बुडी. म्हणून ही ड्रिप चालू असताना डॉक्टर जवळ असावा लागतो. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

बारा वाजता पुन्हा फोन केला, प्रगती हळू आहे म्हणून सांगितलं. "थेंब वाढवा." वाढवले. साडेबारापासून सुनंदाला कळांमधे उसंत मिळेना. ती माझा हात धरून म्हणायची, "सिस्टर, जरा थांबवा ना. एवढं थांबवा." पहिलटकरणी असं म्हणतातच, म्हणून मी तिला धीर देत राहिले.

एक वाजता मी ठोके मोजले. शंभर. कळ ओसरल्यावर मोजले. अठ्ठ्याण्णव. मी कागदावर लिहिलं आणि फोन लावला. मागे सिमेंटच्या मिक्सरची घरघर ऐकू येत होती.

"किती म्हणालात?"

"शंभरच्या आत, साहेब. वर येत नाहीत."

"कळ चालू असताना मोजले असतील. पुन्हा मोजा. तिला कुशीवर झोपवा, ऑक्सिजन लावा. थेंब आहेत तेवढेच ठेवा, निघतोच."

मी कळ चालू असताना मोजले नव्हते. ते मला पक्कं माहीत होतं. तरी मी फोनवर "बरं" म्हणाले.

जैतुनआपा तेव्हा सुनंदाच्या डोक्याशी उभ्या होत्या. त्या आमच्याकडे आया होत्या, माझ्याआधीपासून. कधी शाळेत गेल्या नाहीत, पण बाळंतपणं माझ्यापेक्षा जास्त पाहिलेली. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, बंद करा ना ते. लेकरू थकून गेलं असंल. पोरीचं पोट दगडावानी होऊन राहिलं."

"साहेबांनी सांगितलंय, आपा."

"साहेब हितं हाईत का?"

चाक माझ्या हाताशी होतं. अंगठा टेकवायचा आणि खाली ओढायचं, एवढंच काम. ते बंद करायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती. ठोके पडले तर ड्रिप आधी बंद करायची आणि मग फोन करायचा, हे साहेबांनीच मला शिकवलं होतं. समोरच्या गल्लीत आणखी एक बाईडॉक्टर होत्या, त्यांना बोलावता आलं असतं. पण आमच्या दवाखान्यातून त्यांना बोलावायची पद्धत नव्हती, साहेबांना आवडलं नसतं. मी सुनंदाला कुशीवर वळवलं, ऑक्सिजन लावला आणि थेंब तसेच ठेवले.

दीड वाजता ठोके ऐंशी. तेव्हा कुठे मी ड्रिप बंद केली आणि फोनवर ओरडले. साहेब आले ते बुटांवर सिमेंट घेऊन. त्यांनी तपासलं आणि त्यांचा चेहरा बदलला. वाटीसारखं यंत्र डोक्याला लावून त्यांनी बाळ ओढून काढलं. दोन वाजायला दहा मिनिटं होती. मुलगी. पांढरीफटक, कापडासारखी लुळी. रडली नाही.

जन्मल्यावरचं पहिलं मिनिट फार मोलाचं असतं. त्यात बाळ पुसायचं, तोंड-नाक साफ करायचं, पाठ चोळायची, आणि तरीही श्वास घेतला नाही तर तोंडावर मास्क धरून रबरी फुग्यानं श्वास द्यायला लागायचं. ते मात्र मी चोख केलं. एकीकडे साहेब छाती दाबत होते, दुसरीकडे मी फुगा दाबत होते. नऊ मिनिटांनी तिनं पहिला श्वास घेतला. हुंदक्यासारखा. पलीकडे सुनंदा विचारत होती, "रडलं का? काहून रडंना?" आणि जैतुनआपा तिच्या केसांवरून हात फिरवत होत्या.

मुलीला ॲम्ब्युलन्सनं नांदेडला पाठवलं. वाटेतच तिला झटके आले. अठरा दिवस ती तिथल्या नवजात कक्षात काचेच्या पेटीत होती आणि जगली.

त्याच दुपारी चार वाजता साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर चहा तसाच पडलेला, त्यावर साय आलेली. समोर पार्टोग्राफचा नवा कागद.

"सुमन सिस्टर, हे जरा नीट लिहून द्या."

"काय नीट करायचं, साहेब?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "एक वाजता एकशेचाळीस. दीडला एकशे छत्तीस. मग एकदम पडले. नाळेचं काही झालं असेल, तसं होऊ शकतं. आणि ड्रिप एवढी नव्हती. निम्मी लिहा." मग म्हणाले, "तुमचंही नाव आहे त्यावर."

मी खुर्चीवर बसले आणि लिहिलं. लोक मला विचारतात, त्यांनी दम दिला का? नाही दिला. मला विचार करायला वेळ नव्हता का? होता. आईच्या आजारपणातले उपकार आठवले का? तेही आठवले, पण ते नंतर, स्वतःला समजवायला. खरं कारण एवढंच की चाकाला अंगठा मी लावला नव्हता आणि ते कुणाला कळू नये असं मला साहेबांइतकंच वाटत होतं. माझ्या सुंदर अक्षरात मी एकशेचाळीस लिहिलं. जुना कागद साहेबांनी घडी करून खिशात ठेवला. जैतुनआपा दारात फरशी पुसत होत्या.

घरच्यांनी तक्रार केली नाही. तक्रार करायची असते हेच त्यांना माहीत नव्हतं. उलट "लेकरू वाचवलं" म्हणून माधव साहेबांच्या पाया पडून गेला.

दहा महिन्यांनी सुनंदा मुलीला घेऊन आली. ईश्वरी नाव ठेवलं होतं. मान धरत नव्हती, हाताच्या मुठी घट्ट, नजर कुठेच ठरत नव्हती. साहेबांनी तपासलं आणि म्हणाले, "जन्मतःच मेंदू कमजोर असतो काहींचा. आईकडूनही येतं कधी कधी." एवढंच. फार सहज बोलले. बरोबर आलेल्या गिरजाबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि पदर सावरून बाहेर निघून गेल्या.

व्हरांड्यात सुनंदानं मला गाठलं. "सिस्टर, एक इचारू? पोटुशी असताना गिऱ्हान लागलं तवा मी इळीवर भाजी चिरत होते. सासूबाई म्हन्त्यात त्याच्यानंच झालं. खरं हाय का?"

"नाही गं. ग्रहणानं काही होत नसतं."

"मंग काहून झालं?"

मी गप्प राहिले. तिला वाटलं मलाही माहीत नाही. तिनं पिशवीतून हरभऱ्याच्या टहाळाची जुडी काढली, शेतातला वानवळा. "तुमी फुग्यानं शास दिला म्हून ही हाय. तुमचे उपकार कसे फेडू?"

आणि मी ती जुडी घेतली.

त्यानंतर महिन्याभरानं जैतुनआपांनी मला औषधांच्या खोलीत थांबवलं. त्यांची भाची शिरडला दिलेली, तिच्याकडून त्यांना कळलं होतं. सुनंदाला माहेरी पाठवलंय. लेकरासगट. माधवसाठी दुसरी पोरगी बघून राहिलेत.

"बाई, मी अनपढ हाय. मला कागदातलं काय कळत न्हाई," आपा म्हणाल्या. "पन ती पोरगी गुन्हा भोगून राहिली आन् तो गुन्हा तिचा न्हाई. तुमाला झोप लागती का?"

"लागते," मी म्हणाले. खरंच लागत होती. त्याचीच मला लाज वाटली.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी सकाळची एसटी धरून त्यांच्या खेड्यात गेले. गिरजाबाई ओसरीवर तूर निवडत होत्या. माधव नुकताच शेतातून आलेला. मला पाहून दोघांनाही वाटलं दवाखान्याचं काही काम असेल. मी पाणीसुद्धा न घेता सांगितलं. तुमच्या सुनेचं काही चुकलं नाही. औषध जास्त गेलं, डॉक्टर जवळ नव्हते, लेकरू गुदमरत होतं हे मला दिसत होतं आणि मी औषध बंद केलं नाही. मग कागदावर खोटं लिहिलं.

गिरजाबाईंचे हात सुपात तसेच राहिले. "गिऱ्हान न्हवतं?" त्यांनी विचारलं.

"नव्हतं."

"म्या तर तिला..." एवढं म्हणून त्या थांबल्या आणि आत गेल्या.

माधव मला मारील असं मला वाटलं, आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. तो उठला, मोटारसायकल काढली. म्हणाला, "बसा. हे तिला सांगा. म्या सांगितलं तर तिला खरं वाटायचं न्हाई."

तिचं माहेर वारंगा फाट्याजवळ. तासाभराचा रस्ता. फाट्यावर तिच्या वडिलांचं पंक्चरचं दुकान, त्याच्यामागे दोन खोल्या. समोर ट्रकची रांग. सुनंदा ईश्वरीला मांडीवर आडवी घेऊन चमच्यानं पेज भरवत होती. अर्धी पेज बाहेर येत होती, ती पुसून पुन्हा चमचा भरत होती. मी तेच सगळं पुन्हा सांगितलं.

"म्हंजे माझं काय चुकलं न्हवतं?"

"काहीच नाही."

ती रडली. माधव दाराशी उभा होता, तोही. तिचे वडील हातातली ट्यूब घेऊन आत आले आणि काय झालंय ते न कळून तसेच उभे राहिले. मग सुनंदानं डोळे पुसले, माझ्याकडे सरळ बघितलं आणि विचारलं, "मंग तुमी वरीसभर कुठं होत्या?"

मी वर्षभर कुठेच गेले नव्हते. तिथेच होते, त्याच खोलीत, रोज ठोके मोजत.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना स्वतः सांगितलं. दुसऱ्याकडून कळू नये म्हणून. ते चिडतील असं वाटलं होतं. ते खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, "मी दहा मिनिटांवर होतो. तुम्हाला काय वाटतं, मला आठवत नाही?" आणि मग, "उद्यापासून येऊ नका."

पुढे सुनंदाच्या वडिलांच्या ओळखीतल्या एका वकिलानं ग्राहक आयोगात प्रकरण दाखल केलं. हिंगोलीच्या चकरा सुरू झाल्या. तारीख असली की पहाटे निघायचं आणि तारीख पडली म्हणून परत यायचं. साहेबांच्या बाजूनं माझा तोच सुंदर अक्षरातला कागद दाखल झाला. बाहेरच्या एका मोठ्या डॉक्टरनं तो बघून मत दिलं की नोंदींवरून हलगर्जी दिसत नाही. त्यांची चूक नाही, मी लिहिलंच तसं होतं.

माझी साक्ष झाली. साहेबांच्या वकिलानं एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली. "तेव्हा तुम्ही खोटं लिहिलं असं म्हणता. मग आता खरं बोलताय हे कशावरून? कामावरून काढल्याचा राग असेल." मी म्हणाले, खरं मी सुनंदाच्या घरी सांगितलं ते कामावरून काढायच्या आधी. पण ते कागदावर कुठे होतं? मी खाली बसले तेव्हा आमच्या वकिलाचा चेहरा पडलेला होता.

मग जैतुनआपा उभ्या राहिल्या. त्यांची नोकरी अजून चालू होती, तरी आल्या. बुरख्याचा पडदा मागे टाकून कठड्याला धरून उभ्या.

"लिहिता-वाचता येतं?" वकिलानं विचारलं.

"न्हाई, साहेब."

"मग कागद बदलला हे तुम्हाला कसं कळलं?"

"तुमच्या हातात हाय त्यो कागद जरा वर धरता का?" आपा म्हणाल्या. वकिलानं नकळत वर धरला. "बघा. पांढराशुभ्र. साहेब, तीस वरसं म्या ती खोली धुतली. तिथं हाताला रगत असतंय, औषदाचा डाग पडतो, पानी सांडतं. पहिल्या कागदावर सिस्टरबाईचं लाल बोट उमटलं होतं, म्या डोळ्यानं बघितलं. बाळंतपनाच्या खोलीतून असा कोरा कागद कधी निघतो का? तुमीच सांगा."

आयोगाच्या अध्यक्षांनी कागद मागून घेतला, उजेडाकडे धरला, उलटसुलट बघितला. मग त्यांनी आमच्या दवाखान्यातले त्याच महिन्यातले इतर बायकांचे कागद मागवले. पुढच्या तारखेला ते आले. प्रत्येकावर काही ना काही डाग होता. सुनंदाचा तेवढा स्वच्छ. तो कागद मी लिहिला आणि इतके दिवस मनात वागवला, पण हे मला सुचलं नव्हतं.

निकाल सुनंदाच्या बाजूनं लागला. साहेबांनी वर अपील केलं आणि काही महिन्यांनी स्वतःच मागे घेतलं. का, ते मला माहीत नाही. नवा दवाखाना उभा राहिला, चांगला चालतो. तिथली एक सिस्टर सांगत होती, बाई कळा देत असली की साहेब आता इमारतीबाहेर पाऊल टाकत नाहीत, जेवणसुद्धा खाली मागवतात. हे ऐकून मला बरं वाटलं आणि राग पण आला.

जैतुनआपांना महिन्याभरात काढलं. त्या आता मुलाकडे असतात, गुडघे दुखतात म्हणून मला फोनवर फैलावर घेतात, जणू माझ्यामुळेच दुखतात. माझ्यावरही नर्सिंग कौन्सिलनं कारवाई केली, काही काळ नोंदणीतलं नाव स्थगित झालं. ते रास्तच होतं. नंतर नाव परत मिळालं पण कुठल्या दवाखान्यानं मला घेतलं नाही. सगळे गोड बोलायचे, चहा पाजायचे. एका जुन्या मैत्रिणीनं तोंडावर सांगितलं, "सुमन, तू खरं बोललीस, पण तुझ्याबरोबर काम करायची भीती वाटते." माझं काम मला फार आवडायचं. अजूनही एखादी पोटुशी बाई बसमध्ये दिसली की तिच्या चालीवरून महिना ओळखते आणि हात शिवशिवतात.

माधवचं दुसरं लग्न झालं नाही. तो स्वतः जाऊन सुनंदाला घेऊन आला. गिरजाबाईंनी सुनेची माफी मागितली असं ऐकलं नाही, पण नातीची आंघोळ त्या दुसऱ्या कुणाला घालू देत नाहीत. ईश्वरी आता आठ वर्षांची आहे. चालत नाही, बोलत नाही. मान धरते, आधारानं बसते, गोड लागलं की ओठ चाटते.

निकालानंतर नांदेडच्या व्यायामोपचार केंद्रात मी सुनंदाला भेटले. तिथल्या बाई आखडलेले हातपाय कसे सोडवायचे ते शिकवत होत्या. सुनंदाला शेतातलं, घरातलं करून ते रोज जमत नव्हतं. मी म्हणाले, आठवड्यातून एक दिवस मी येत जाईन. ती "या" म्हणाली नाही, "नको"ही म्हणाली नाही. मी त्या बाईंकडून सगळं शिकून घेतलं आणि गुरुवारी जायला लागले. सुरुवातीला सुनंदा दारात उभी राहून माझ्या हातांवर नजर ठेवायची. बोलायची नाही. मीही बोलायचे ती फक्त ईश्वरीशी. पाय सोडवताना तिला मोंढ्यातल्या गोष्टी सांगायचे, आपांच्या गमती सांगायचे. पाच वर्षं असं चाललं.

गेल्या पावसाळ्यात मी घसरून पडले. घोटा मुरगळला. दोन गुरुवार चुकले. तिसऱ्या आठवड्यात फोन वाजला. सुनंदानं मला कधीच फोन केला नव्हता, म्हणून ईश्वरीला काही झालं का, ह्या भीतीनं मी दचकून उचलला.

"काहून आल्या न्हाईत?" सरळ प्रश्न.

मी घोट्याचं सांगितलं. मागे गिरजाबाईंचा आवाज येत होता, "इचार, सूज उतरली का म्हून."

मग सुनंदा म्हणाली, "हे बघा, म्या तुमाला माफ केलं असं समजू नका."

"नाही समजत गं."

"बराबर. पन बेस्तरवारी ती सकाळपून दाराकडं मान करून बसती. दोन्ही बेस्तरवारी बसली. तिला कसं सांगू घोट्याचं?" आणि मी काही बोलायच्या आत, "म्या ह्यांना गाडी घिऊन पाठविते. तयार रहा."